वाय क्रोमोसोमवरून युरोपातली जुनी स्थलांतरं घरबसल्या कशी शोधायची: पायरी पायरीने

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमध्ये पितृवंश आर१ए आला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फॅमिली ग्रुपवर सुरू झालं की म्हणजे आपण मूळचे पोलंडकडचे का, कारण गुगलवर आर१ए टाकलं की पूर्व युरोप गडद रंगवलेला नकाशा समोर येतो. मी तेव्हा गप्प बसले कारण मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. मग वाचायला लागले, आणि तेव्हापासून रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास युरोपातल्या जुन्या सांगाड्यांची शीट भरत बसते. जे शिकले, जिथे चुकले, ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. यासाठी स्वतःची टेस्ट लागत नाही (मी बाई आहे, माझ्याकडे वाय क्रोमोसोम नाहीच), पैसे लागत नाहीत, लॅपटॉप, नेट आणि चिकाटी एवढंच लागतं.

एकच गोष्ट आधी पक्की करून घ्या: आजचा नकाशा बघून जुना इतिहास सांगायचा नाही. आज एखादा वंश जिथे सगळ्यात जास्त आहे तिथेच तो जन्मला असं अजिबात नसतं. मोठमोठे शास्त्रज्ञ यात फसलेत. २००० नंतरच्या काही वर्षांत असं छापून यायचं की पश्चिम युरोपातला आर१बी हा हिमयुगातल्या शिकाऱ्यांचा वंश आहे, ते स्पेनच्या बाजूला थंडीपासून जीव वाचवून राहिले आणि नंतर पसरले, कारण बास्क लोकांत (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे) आर१बी प्रचंड आहे आणि बास्क भाषा तर सगळ्यांपेक्षा वेगळी. ऐकायला एकदम चोख. जुन्या हाडांतून डीएनए निघायला लागला आणि ही सगळी मांडणी कोसळली. ती कशी ते पुढे येईलच.

पायरी १: हत्यार समजून घ्या

वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आपल्याकडे आडनाव जातं तसाच. बहुतेक भाग जसाच्या तसा जातो, त्यात साधारण ६ कोटी २० लाख अक्षरं आहेत (पूर्ण वाचून झाला तो २०२३ मध्ये), आणि अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. तो बदल मग त्या माणसाच्या मुलग्यांत, नातवांत, पणतवांत उतरत राहतो. अशा बदलाला एसएनपी किंवा स्निप म्हणतात, आणि त्या बदलावरून ओळखू येणाऱ्या शाखेला हॅप्लोग्रुप.

पण हे हत्यार किती बारीक आहे तेही लक्षात ठेवा. दहा पिढ्या मागे गेलात की तुमचे १०२४ पूर्वज होतात आणि वाय त्यातल्या फक्त एका माणसाची गोष्ट सांगतो. बाकीचे १०२३ कुठून आले त्याबद्दल तो काहीच बोलत नाही.

पायरी २: नावं वाचायला शिका

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो. एकाच शाखेची दोन प्रकारची नावं असतात. एक लांबलचक, आर१बी१ए१बी असं, आणि दुसरं आखूड, आर-एम२६९, म्हणजे पहिलं अक्षर आणि त्या बदलाचं नाव. लांब नाव वापरू नका. झाडात मध्येच नवी फांदी सापडली की ते बदलतं. एम२६९ लाच जुन्या पेपरात आर१बी१सी म्हटलंय, मग आर१बी१बी२, मग आर१बी१ए२, मग आर१बी१ए१ए२. मी सुरुवातीला २००८ च्या आणि २०१८ च्या पेपरातली लांब नावं एकाच कॉलममध्ये टाकली आणि दोन आठवड्यांचं काम पुसावं लागलं. बदलाचं नाव मात्र बदलत नाही, त्यामुळे शीटमध्ये कायम तेच लिहा.

झाड बघायला वायफुलची वेबसाइट फुकट आहे, आणि फॅमिलीट्रीडीएनएचं डिस्कव्हर पेजही. शाखेचं नाव टाकलं की वरची फांदी, खालच्या फांद्या, वय सगळं दिसतं.

पायरी ३: दोन वयं, दोन्ही लिहा

वायफुलवर प्रत्येक शाखेपुढे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे ही फांदी शेजारच्या फांदीपासून कधी फुटली, दुसरा म्हणजे आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा शेवटचा सामाईक बाप कधी होऊन गेला. ते लोक बदल मोजून, त्यांच्या पद्धतीत साधारण १४४ वर्षांना एक बदल धरून, हे वय काढतात.

या दोन आकड्यांतलं अंतर फार बोलकं असतं. आर-एम२६९ फुटला सुमारे १३,००० वर्षांपूर्वी, पण आजच्यांचा सामाईक बाप सुमारे ६,४०० वर्षांपूर्वीचा. आय१ म्हणजे आय-एम२५३ ची गोष्ट तर बघाच. स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हा वंश खूप, फुटला २७ हजार वर्षांपूर्वी, आणि आजच्या सगळ्या आय१ पुरुषांचा सामाईक बाप मात्र ४,६०० वर्षांच्या आसपासचा. मध्ये तीनशेच्या आसपास बदल साठलेत आणि एकही बाजूची फांदी आजपर्यंत टिकलेली नाही. म्हणजे हजारो वर्षं ही ओळ एका धाग्यावर लटकत होती, बाकी सगळे धागे तुटले, आणि मग कांस्ययुगाच्या सुमाराला उत्तरेत एका माणसाच्या वंशजांची भराभर वाढ झाली. आय१ हिमयुगापासून स्कँडिनेव्हियात नांदतोय असं कोणी सांगितलं तर त्याने फक्त पहिला आकडा वाचलाय असं समजा.

पायरी ४: हाडांचा डेटा उतरवून घ्या

हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या लॅबने एएडीआर नावाचा संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. त्यातली जेनेटिक डेटाची मोठी फाइल लागत नाही, शेवटी 'ॲनो' असलेली यादीची फाइल तेवढी घ्या. साधी टेक्स्ट फाइल आहे, एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये टॅबने तोडून उघडते. एका सांगाड्याची एक ओळ, आणि कॉलम इतके की पहिल्यांदा डोळे फिरतात. तुम्हाला लागणारे थोडेच: सॅम्पलचा नंबर, गाव आणि देश, अक्षांश-रेखांश, तारीख, लिंग, वाय हॅप्लोग्रुप, कव्हरेज (म्हणजे डीएनए किती वाचता आला), आणि नातेवाइकांचा कॉलम. बाकीचे लपवून टाका. लिंगाच्या कॉलमवर फिल्टर लावून फक्त पुरुष ठेवा.

तारखेच्या कॉलममध्ये बीपी असतं, म्हणजे 'आजच्या आधी', पण यातलं 'आज' म्हणजे १९५०. त्यामुळे ५२०० बीपी म्हणजे इ.स.पू. ३२५०. यात ७० वर्षांचा घोळ सहज होतो. आणि जे लोक मासे खूप खायचे त्यांच्या हाडांची कार्बन तारीख खऱ्यापेक्षा जुनी येते, कारण पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. नदीकाठच्या, समुद्रकाठच्या थडग्यांची तारीख जरा सैल हातानेच धरायची.

पायरी ५: कचरा काढा (इथे घाई करू नका)

हीच पायरी लोक गाळतात आणि मग वाटेल ते नकाशे बनवतात.

पहिलं, कव्हरेज. जुन्या हाडातला डीएनए तुकड्या-तुकड्यांत असतो. कमी कव्हरेजच्या सॅम्पलमध्ये नुसतं 'आर१बी' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की पुढचे बदल वाचता आले नाहीत. तो एम२६९ असेलही, नसेलही. इटलीतल्या व्हिलाब्रुनाचा माणूस १४ हजार वर्षांपूर्वीचा आणि आर१बी आहे, यावरून कोणी म्हणेल बघा आर१बी इटलीत तेव्हापासून आहे, पण तो आजच्या पश्चिम युरोपियनांच्या एम२६९ फांदीवर नाहीच, दूरच्या चुलत फांदीवर आहे. शिवाय जुन्या डीएनएच्या टोकांना सी हे अक्षर सडून टी असं वाचलं जातं. एखादी शाखा फक्त अशाच एका सी-टी बदलावर ठरवली असेल तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

दुसरं, नातेवाईक. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरला हेझलटन नॉर्थ नावाचं सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचं दगडी थडगं आहे. त्यातल्या ३५ जणांचा डीएनए वाचला तर २७ जण एकाच घरातले निघाले, पाच पिढ्या, एक पुरुष आणि त्याच्यापासून मुलं झालेल्या चार बायका. हे सगळे मुलगे-नातू वेगवेगळे मोजलेत तर तुम्ही एक खानदान मोजून अख्ख्या देशाची टक्केवारी सांगाल. एका थडग्यातली एक पितृओळ एकदाच मोजायची.

तिसरं, जे हाती लागलंच नाही ते. आपल्याला हे पटकन कळेल कारण आपल्याकडे दहन करतात, आणि जळलेल्या हाडांतून डीएनए जवळपास मिळतच नाही. मध्य युरोपात इ.स.पू. १३०० ते ७५० च्या सुमाराला अर्नफिल्ड लोक मढी जाळून राख मडक्यात पुरायचे, त्यामुळे त्या काळात शीटमध्ये मोठा खड्डा दिसतो. तो लोकसंख्येचा खड्डा नाही, राखेचा आहे.

पायरी ६: थर लावा

आता शीट तारखेने सॉर्ट करा आणि पाचशे-पाचशे वर्षांचे गठ्ठे पाडा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला उठवेना, कारण रकान्यातली अक्षरं डोळ्यांसमोर बदलत जातात. वरून खाली सी, मग आय, मग जीच जी, आणि मग एकदम आर.

सगळ्यात जुने शिकारी. रशियातल्या कोस्तेन्कीचा ३७-३८ हजार वर्षांपूर्वीचा माणूस सी वंशाचा. स्पेनमधल्या ला ब्रान्याचा ७ हजार वर्षांपूर्वीचा, काळसर कातडीचा आणि निळ्या डोळ्यांचा माणूसही सी. आज युरोपात ही फांदी अगदी नावापुरती उरलीये. लक्झेंबर्गचा लोशबुर आय२ए, इंग्लंडचा चेडर मॅनही आय२. हा शिकाऱ्यांचा थर.

मग शेतकरी. तुर्कस्तानातून, म्हणजे अनातोलियातून, इ.स.पू. ६५०० च्या आसपास ग्रीसमध्ये, आणि तिथून एक वाट डॅन्यूब नदीने इ.स.पू. ५५०० पर्यंत जर्मनीकडे, दुसरी भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत. यांची खूण जी२ए. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ओट्झी याच जी२ए चा, त्याची फांदी जी-एल९१. २०१३ मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या सुमारे ३,७०० रक्तदात्यांत १९ पुरुष याच फांदीचे निघाले आणि पेपरांत आलं की ओट्झीचे वंशज सापडले. वंशज नाही हो! दोघांचा वरचा बाप सामाईक, एवढंच. ओट्झीला मुलगे होते का हेसुद्धा यावरून कळत नाही. शीटमध्ये 'वंशज' हा शब्द मी कुठेच लिहीत नाही, 'त्याच फांदीवर' असं लिहिते.

इथे एक वळण आहे आणि ते मला फार आवडतं. ब्रिटन-आयर्लंडमधल्या मोठमोठ्या दगडी थडग्यांतले शेतकरी बघा. पूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, बघितला तर हे लोक बहुतांश अनातोलियाचे शेतकरी. वाय बघितला तर जवळपास सगळे आय२ए, म्हणजे शिकाऱ्यांचा वंश! शेतकरी पश्चिमेकडे येता येता वाटेत शिकाऱ्यांचे पुरुष त्यांच्यात मिसळले आणि त्यांचीच पितृओळ पुढे वाढत गेली. नुसता वाय बघून तुम्ही म्हणाल की हे जुने शिकारीच आहेत आणि साफ चुकाल. म्हणून शीटमध्ये वायच्या शेजारी आणखी एक कॉलम ठेवा, 'बाकीचा जीनोम काय म्हणतो', आणि तो मूळ पेपर उघडून भरा. कंटाळवाणं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि मग गवताळ प्रदेश. काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या उत्तरेला इ.स.पू. ३३०० च्या सुमाराला गुरं, बैलगाड्या घेऊन फिरणारे यम्नाया लोक होते, २०१५ मध्ये यांच्यावरचे दोन मोठे पेपर एकाच वेळी आले आणि सगळा विषयच बदलून गेला. जर्मनीतल्या कॉर्डेड वेअर लोकांत, म्हणजे दोरीचे ठसे असलेली मडकी करणाऱ्यांत, जीनोमचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या गवताळ प्रदेशाकडचा निघाला. तिथून पश्चिमेला बेल बीकर लोक, म्हणजे घंटेच्या आकाराची भांडी करणारे. ब्रिटनमध्ये यांच्या येण्याने काही शतकांत सुमारे ९० टक्के जीनोम बदलला. स्पेन-पोर्तुगालमध्ये तर इ.स.पू. २००० पर्यंत एकूण जीनोम ४० टक्के बदलला, पण वाय क्रोमोसोम जवळजवळ शंभर टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आयांच्या बाजूने जुने लोक टिकले, बापांच्या ओळी संपल्या. हे लढाईने झालं, रोगराईने झालं का मुलगे कोणाचे वाढले-जगले यातून पिढ्यान्‌पिढ्या झालं, ते वाय सांगत नाही, आणि त्याच्या तोंडी आपण घालूही नये.

बास्कांचं कोडंही इथेच सुटतं. त्यांचा आर१बी याच गवताळ लाटेतून आलेला, भाषा मात्र त्याआधीची टिकून राहिली. बाप बदलले, बोली नाही बदलली.

आणखी एक खाच. यम्नायाच्या थडग्यांत मुख्यतः आर-झेड२१०३ सापडतो आणि पश्चिम युरोपात आर-एल५१. हे दोघे भाऊ, एल२३ चे मुलगे. म्हणजे पश्चिम युरोपातले पुरुष या थडग्यांतल्या सरदारांचे थेट वंशज म्हणणं चूक, चुलत म्हणा. एल५१ ची पुढची फांदी एल१५१ जुन्यात जुनी ठळकपणे दिसते ती बोहेमियातल्या, आजच्या चेक देशातल्या, सुरुवातीच्या कॉर्डेड वेअर थडग्यांत, जिथे नंतर आर१ए-एम४१७ वरचढ होतो. फांदीपर्यंत खाली उतरलं नाही तर हे दिसतच नाही.

पुराव्याचा एक तुकडा जवळून बघायचा असेल तर रॅथलिन बेट घ्या. उत्तर आयर्लंडच्या टोकाला चिमुकलं बेट, २००६ मध्ये तिथल्या पबच्या मागे रस्त्यासाठी खणताना मोठा सपाट दगड लागला आणि त्याखाली हाडं. पोलिसांनी बघितलं, हाडं जुनी निघाली, कांस्ययुगातली. तीन पुरुषांचा डीएनए वाचला, तिघेही आर१बी, आणि आज आयर्लंडच्या पुरुषांत सगळ्यात जास्त असलेल्या एल२१ फांदीवरचे. बेलफास्टजवळ बॅलिनाहट्टीला त्याआधी हजारेक वर्षांची एक शेतकरी बाई सापडलीये, तिचा जीनोम अनातोलियाकडचा. दोन थडगी, मध्ये एक हजार वर्षं, आणि आयर्लंडमधली माणसं बदललेली. आजचा आयर्लंडचा नकाशा बघून हे कधीच कळलं नसतं.

उत्तर-पूर्वेचा थर वेगळा. फिनलंडमध्ये आज साठ टक्क्यांच्या आसपास पुरुष एन वंशाचे, मूळ सायबेरियाकडचे. कोला द्वीपकल्पावर बोल्शोय ओलेनी बेटावर ३,५०० वर्षांपूर्वीच्या दफनांत तो दिसतो, एस्टोनियात मात्र कांस्ययुगातली हाडं आर१ए आणि लोहयुगात एन सुरू.

बाल्कनमधला आय२ही असाच फसवतो. बोस्निया-क्रोएशियात तो भरपूर, म्हणून लोक तिथलाच जुना शिकारी समजतात, पण तिथल्या मुख्य फांदीचा, आय-वाय३१२० चा, सामाईक बाप दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचाच आणि तिचं पसरणं सहाव्या-सातव्या शतकातल्या स्लाव लोकांच्या येण्याशी जुळतं.

पायरी ७: नकाशा

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते जड वाटलं तर गुगल माय मॅप्स चालतं. अक्षांश-रेखांशाचे कॉलम देऊन शीट चढवा, प्रत्येक काळाचा वेगळा लेअर करा, रंग फांदीप्रमाणे द्या. ठिपकेच ठेवा, रंगाने भरलेले प्रदेश करू नका, कारण भरलेला रंग बघणाऱ्याला वाटतं की मधल्या जागेतही पुरावा आहे. प्रत्येक लेअरच्या नावात सॅम्पलची संख्या लिहा. चार हाडांवरून देश रंगवलेला नकाशा मी पण एकदा बनवून ग्रुपवर टाकला होता, तो आता काढलाय.

पायरी ८: आपल्याकडचा आर१ए

आता भावाच्या रिपोर्टकडे. आर१ए-झेड६४५ ही फांदी साधारण ५ हजार वर्षांपूर्वीची, तिचे दोन मुलगे. झेड२८३ युरोपात राहिला, पोलंड-रशिया-नॉर्वेतले बहुतेक आर१ए त्याच्याखाली. दुसरा झेड९३, तो रशियातल्या फात्यानोवो थडग्यांत इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात दिसतो, मग उरलच्या बाजूला सिंताश्तात, आणि पुढे मध्य आशियातून आपल्याकडे, इथे त्याची एल६५७ ही फांदी खूप आहे. भावाचा रिपोर्ट पुन्हा उघडून खालची ओळ वाचली, झेड९३. म्हणजे पोलंडच्या माणसाचा आणि आमचा बाप पाच हजार वर्षांपूर्वी सामाईक होता, पण पोलंडचे आम्ही नाही. तुमच्या घरात कोणाचा आर१ए आला तर नुसत्या 'आर१ए'वर थांबू नका, झेड९३ का झेड२८३ ते आधी बघा. आणि टेस्ट करायच्या आधी वडील-काका-भाऊ सगळ्यांशी बोला, कारण वाय जुळला नाही तर घरात जे प्रश्न उभे राहतात ते रिपोर्टबरोबर मिटत नाहीत.

सरावासाठी पहिलं प्रकरण

सगळ्यात सोपं आणि आपल्याला जवळचं म्हणजे रोमा लोकांचं (ज्यांना जिप्सी म्हणतात), कारण ही युरोपात आपल्याकडून गेलेली वाट आहे. युरोपभरच्या रोमा पुरुषांत एच-एम८२ ही फांदी पुन्हा पुन्हा दिसते, बाकी युरोपात ती जवळपास नाही आणि भारतात भरपूर. वेगवेगळ्या देशांतल्या रोमांचे एम८२ एकमेकांना इतके जवळचे की थोड्याच पुरुषांपासून ही सगळी वाढ झालेली दिसते, आणि जीनोमचे अभ्यास उत्तर-वायव्य भारत आणि साधारण दीड हजार वर्षं असं सांगतात. त्याच गटांत युरोपातल्या शाखाही दिसतील, त्या वाटेत मिसळलेल्या.

मग भाषेने पडताळून बघा. रोमानीत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख. आकडे म्हणा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपलं. पुढे सात-आठ-नऊ म्हणजे एफ्ता, ओख्तो, एन्या, हे तिन्ही ग्रीक. आणि दहा पुन्हा आपलं, देश. वाय सांगतो कुठून निघाले, मधले तीन आकडे सांगतात वाटेत कुठे बराच काळ मुक्काम झाला, आणि चौदाव्या शतकात बाल्कनमध्ये त्यांची लेखी नोंद मिळते. शीटच्या पहिल्या ओळीत हेच भरा: फांदी एच-एम८२, दोन्ही वयं, ठिकाण, आणि शेवटच्या कॉलममध्ये 'एफ्ता, ओख्तो, एन्या'.